जावयाचे डोळे घारे नव्हते

आमची लेक एका जर्मन मुलाशी लग्न करणार, ही बातमी लखनौच्या गोमती नगरातल्या आमच्या सोसायटीत पसरली आणि त्या मुलाबद्दल मला काही सांगायची गरजच उरली नाही. लोकांना सगळं आधीच माहीत होतं. तो सहा फुटांच्या वर असणार. केस सोनेरी, डोळे निळे. हसणार नाही. पाचला येतो म्हणाला तर पाचला बेल वाजणार, वाटल्यास घड्याळ लावून घ्या. गेटवरचा गार्ड म्हणाला, "मैडम, जर्मनी का माल है, पचास साल चलेगा." खालच्या मजल्यावरच्या भाभींनी तर नातवंडांच्या रंगापर्यंत मजल मारली. "आपको तो बैठे-बिठाए मिल गया," असं त्या म्हणाल्या, आणि ते मला अभिनंदन म्हणून घ्यावं लागलं. मी त्या मुलाला व्हिडिओ कॉलवर बऱ्याचदा पाहिलं होतं, पण माझ्या पाहण्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं.

सगळ्यांत जास्त आनंद झाला तो वरच्या मजल्यावरच्या काकांना. काका मूळचे पुण्याचे, ब्राह्मण, इथल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. डोळे घारे, रंग गोरा, आणि दोन्हींचा त्यांना इतका अभिमान की जणू ते त्यांनी परीक्षा देऊन मिळवले होते. लिफ्टमध्ये मला गाठून म्हणाले, "आमची आणि त्यांची मुळं एकच बरं का. आमच्या घराण्यात अजून असे डोळे निघतात." मी "हो का" म्हटलं. लिफ्टमध्ये माणूस दुसरं काय म्हणणार?

या काका-काकूंशी आमचा बारा वर्षांचा शेजार. लखनौमध्ये मराठीत बोलायला माणूस मिळत नाही, त्यामुळे जाणं-येणं आहे. काकू बोलायला फार गोड. पण त्यांनी आमच्या घरात कधी पाणी घेतलेलं मला आठवत नाही. कधी उपास, कधी आत्ताच चहा झालाय, कधी डॉक्टरांनी साखर बंद केलीय. पुड्यातलं बिस्किट मात्र चालायचं, पुडा त्यांच्यासमोर फोडला तर. पहिली काही वर्षं मी आग्रह करत असे. मग आग्रह सोडला आणि पुडा आणून ठेवायला लागले.

आम्ही बौद्ध, अकोल्याकडचे. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, त्याआधी गावात आमची घरं वेशीबाहेर होती. मी आणि माझा नवरा, दोघंही सरकारी नोकरीत, बदली होऊन इथे आलो आणि इथेच राहिलो. आता लखनौची एक गंमत आहे. इथल्या लोकांना मराठी आडनावातलं काही कळत नाही. शेवटी 'कर' ऐकलं की ते धरून चालतात, हे पंडितच असणार. आलमबागला बस अड्ड्यामागे आम्ही पहिली खोली घेतली तेव्हा मालकीण मला 'पंडिताइन' म्हणायची आणि सकाळी सकाळी तुळशीची पानं पाठवायची. मग नवऱ्याने भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला. त्याच आठवड्यात मालकिणीचा कुणी पुतण्या गावाहून राहायला येणार निघाला आणि आम्हाला खोली रिकामी करावी लागली. इथल्यांना आडनाव कळत नाही, फोटो बरोबर कळतो. मराठी माणसाचं उलटं, त्याला आडनावच पुरतं. तेव्हापासून नवरा नव्या घरात आधी फोटो लावतो आणि मग गॅस जोडतो. "ज्याला जे कळायचं ते पहिल्याच दिवशी कळू दे बाप्पा," म्हणतो.

त्या फोटोची किंमत लेकीने मोजली. तिचं इथे एकदा जमत आलं होतं, तिच्याबरोबर शिकलेल्या मुलाशी. मुलाची आई आमच्याकडे आली, सोफ्यावर बसली, भिंतीकडे तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. निघताना माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बेटी तो बड़ी प्यारी है." पुन्हा फोन आला नाही. मुलाचाही नाही. लेक रडली नाही, भांडली नाही. तिने जर्मनीतल्या विद्यापीठांना अर्ज केले आणि जाताना विमानतळावर मला म्हणाली, "वहाँ कोई नहीं पूछता, मम्मी." मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, हे आमचं तिच्या शाळेपासून चालत आलेलं आहे.

मला आयुष्यात आणखी काही नको होतं. तिला कुणी विचारू नये, एवढंच हवं होतं. तिने कुणाच्याही घरी जावं, पाणी प्यावं, भांडावं, प्रेम करावं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत ते मोजमाप तिला दिसू नये. त्यामुळे माझ्याही डोक्यात माझा एक जर्मन तयार झाला होता. तो सहा फुटी नव्हता. पण तो खरं बोलणारा, तोंडावर बोलणारा होता. माणसाचं काम बघणारा, त्याचा आजा कोण हे न विचारणारा. शेजाऱ्यांच्या जर्मनाला मी मनात हसत होते आणि माझ्या जर्मनाला उराशी धरून बसले होते.

ती दोघं दिल्लीहून सकाळच्या गाडीने यायची होती. आम्ही चारबाग स्टेशनला पोहोचलो आणि लेकीचा फोन आला, गाडी चुकली. का, तर हा झोपून राहिला. नवरा प्लॅटफॉर्मवरच पोट धरून हसला. "घ्या, लावा घड्याळं," म्हणाला. ती दोघं संध्याकाळी आली. डब्यातून उतरलेला मुलगा नवऱ्यापेक्षा बोटभर बुटकाच होता. काळे कुरळे केस, काळेभोर डोळे, उन्हात भाजलेली कातडी. कुली त्याला "भाईजान, सामान?" म्हणाला आणि आमच्या लेकीशी इंग्रजीत बोलायला लागला. सोसायटीच्या गेटवर गार्डने त्याला नीट निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मैडम, ये तो अपने मोहल्ले के लगते हैं. जर्मन साहब कब आएँगे?"

मला तो समोर बघता क्षणी आवडला. तो चष्मा विसरायचा, चार्जर विसरायचा, आंघोळ करून टॉवेल खुर्चीवर टाकायचा. ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढायचा आणि आणखी मागायचा. हॉलमधला फोटो बघून त्याने विचारलं, "हे आजोबा का?" नवरा म्हणाला, "हो, आमच्या सगळ्यांचेच." त्याने फोटोला हात जोडले. लेक तेव्हा बॅगा उघडायला म्हणून आत निघून गेली, त्यात मला काही विशेष वाटलं नाही.

जेवताना मी त्याला त्याच्या घरच्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, एक आजोबा इटलीहून कारखान्यात कामाला आलेले, दुसरे पोलंडकडून आलेले, एक आजी तिथल्याच खेड्यातली. आणि त्यामागे? त्याने खांदे उडवले. पणजोबाचं नावही त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही याचं काही वाटतही नव्हतं. मला इतका आनंद झाला की नको नको म्हणत असताना त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकली. असाच हवा होता मला. ज्याला स्वतःचा पणजोबा माहीत नाही, तो दुसऱ्याचा कशाला विचारेल?

रविवारी दुपारी काका-काकू आले. काका इस्त्रीच्या सदऱ्यात, काकू चांगल्या साडीत. मी सवयीने बिस्किटांचा पुडा ट्रेमध्ये ठेवला होता. पण मी चहा ओतला आणि काकूंनी कप उचलला. मी बघत राहिले. त्या प्यायल्या. साखर चालली, दूध चाललं, आमच्या घरचा कप चालला, आणि वर "छान झालाय हो" म्हणून आणखी अर्धा कप त्यांनी मागून घेतला. बारा वर्षांत जे झालं नाही ते त्या दुपारी झालं. एक जर्मन सोफ्यावर येऊन बसला आणि आमच्या पाण्याचा विटाळ फिटला. मला खरं तर हसू यायला हवं होतं. पण माझा चहा मी तसाच खाली ठेवला.

काका तिकडे मुलाला न्याहाळत होते. त्यांची निराशा लपत नव्हती. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. "तुम्ही दक्षिणेकडचे का?" त्यांनी विचारलं. मुलाने पुन्हा इटली सांगितली, पोलंड सांगितलं. "म्हणजे मिसळ झाली," काका माझ्या नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाले. डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन वाईट बातमी सांगावी, तसा स्वर. मग पुन्हा इंग्रजीत सुरू झाले. खरे जर्मन कसे असतात, आर्य कसे होते, कुठून निघाले, कोणती शाखा तिकडे गेली आणि कोणती इकडे आली, आणि काकांच्या ब्राह्मण घराण्यातल्या घाऱ्या डोळ्यांत त्याचा पुरावा कसा शिल्लक आहे. ते आपला चष्मा काढून डोळे दाखवायला पुढे झुकले.

मुलगा कानांपर्यंत लाल झाला होता. इतके दिवस हसणारा तो मुलगा आता शेजाऱ्यांना हवा होता तसा ताठ, गंभीर जर्मन दिसायला लागला. "आर्य हा शब्द आमच्याकडे कुणी असा सहज उच्चारत नाही," तो हळू म्हणाला. "आमच्याकडे एके काळी लोकांना आपल्या आजी-आजोबांचं रक्त सिद्ध करायला लावलं होतं. ज्यांना ते जमलं नाही त्यांचं काय झालं, ते आम्हाला शाळेत शिकवतात."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही त्या क्षणी त्या पोराला मिठी मारावीशी वाटत होती.

"तुम्ही लाजू नका," काका उदारपणे म्हणाले. "ते सगळं राजकारण. मी शास्त्राचा माणूस आहे. रक्ताला रक्ताची ओळख असते." शास्त्राचा माणूस! जन्म गेला वनस्पतींच्या अभ्यासात, आणि अकलेच्या नावाने शंख. पण मी ट्रे त्यांच्यापुढे सरकवला. पाहुणा घरात असताना वाद नको, असं आम्हा बायकांना कुणी शिकवून ठेवलंय देव जाणे.

मुलालाही वाद नको होता. आपण म्हाताऱ्या माणसाला दुखावलं, असं त्याला वाटलं असावं. तो मनापासून समजूत घालायला निघाला.

"पण तुमची गोष्ट वेगळी आहे," तो काकांना म्हणाला. "मला ते कळतं. आमच्या शहरात भारतीय लोकांचं मंडळ आहे, तिथे सगळ्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, हिचं घराणं कोणतं. मग हिने मला सांगितलं. तुमच्यासारखंच, पुरोहितांचं घराणं. हजारो वर्षं ग्रंथ तोंडपाठ करून सांभाळणारी माणसं. माझी आई तर सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलीय. आम्हाला आमच्या पूर्वजांचा अभिमान धरता येत नाही ना, म्हणून आम्ही हिच्या पूर्वजांचा धरतो." आणि त्याने प्रेमाने माझ्या लेकीच्या हातावर हात ठेवला.

काका कपात बघत होते. त्यांना आमचं आडनाव बारा वर्षांपासून माहीत होतं. नवरा त्या फोटोखालीच बसला होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला त्याच्याकडे बघवेना. लेक हलली नाही. तिने तो हात तसाच राहू दिला.

म्हणजे तिकडेही विचारतात. माझी लेक सात समुद्र ओलांडून गेली आणि तिथे आपली माणसं हाच प्रश्न घेऊन आधीपासून दारात उभी होती. आलमबागच्या मालकिणीची चूक तिने उचलली आणि अंगावर चढवली. इतकी वर्षं तिचा बाप जी चूक पहिल्याच दिवशी खोडत आला, तीच.

काकू कप खाली ठेवून माझ्याकडे झुकल्या आणि मराठीत, अगदी मायेने म्हणाल्या, "चांगलं केलं हो पोरीने. परक्या मुलखात कशाला उगाच. काळजी करू नका, आम्ही नाही कुणाला सांगणार."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. बारा वर्षं आमचं पाणी न पिणारी बाई आता आमचं गुपित पोटात घालायला निघाली होती, आणि मी त्याबद्दल आभार मानावेत अशी तिची अपेक्षा होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुम्ही कशाला सांगता," मी म्हटलं, "मीच सांगते." आणि माझ्या ऑफिसातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्या मुलाला सांगितलं की आम्ही पुरोहित नाही, कधीच नव्हतो, आणि ज्यांना मंदिराच्या पायरीला हात लावायची बंदी होती त्यांच्यातले आहोत. लेक मधेच म्हणाली, "मम्मी, रहने दीजिए न, प्लीज." मी थांबले नाही. काकांना अचानक औषधाची वेळ आठवली. ती दोघं उठली आणि गेली.

लेक आतल्या खोलीत गेली. नवरा हॉलमध्येच बसून राहिला, टीव्ही न लावता. मी कप घेऊन स्वयंपाकघरात आले, तर थोड्या वेळाने मुलगा मागोमाग आला. दारातून म्हणाला, मला नीट सांगा. त्याने विचारलं याचा मला अभिमान वाटला. मी त्याला माझ्या आजोबांचं सांगितलं. गावात कुणी मेलं की पंचक्रोशीतल्या नातेवाइकांना खबर पोहोचवायची, हे आजोबांचं काम होतं. ऊन असो की पाऊस, चालत जायचं. दुसऱ्याच्या दारात पोहोचलं तरी ओट्यावर चढायचं नाही, खाली उभं राहून मोठ्याने नाव सांगायचं, कोण गेलं ते. ऐकणारी माणसं रडायला लागायची आणि आजोबांना पाणी वरून ओंजळीत ओतायची. माझा आजा ग्रंथ पाठ करत नव्हता, मी म्हटलं. मेलेल्यांची नावं वाटेत पाठ करत जायचा. आणि त्याच माणसाने हट्टाने माझ्या वडिलांना शाळेत घातलं, म्हणून मी नोकरी केली आणि म्हणून तुझी बायको होणारी पोरगी आज तुझ्या देशात शिकतेय. तिला सांगायला याहून मोठं कूळ कुठलं हवं होतं?

त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. त्याचे डोळे भरून आले होते. "मला याने काहीच फरक पडत नाही," तो म्हणाला. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आजही ठेवते.

मग तो ओट्याला टेकून उभा राहिला. शेवटी अगदी अजिजीने विचारलं, "पण माझ्या आईला हे सांगायलाच हवं का?"

मी दाराकडे बघितलं. लेक तिथे येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. आता ती याला चांगलं फैलावर घेईल, असं मला वाटलं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, मी 'नको' म्हणावं म्हणून.

"हवं," मी म्हटलं. "तुम्ही नाही सांगितलं तर लग्नात मी सांगेन."

लेकीने आवाजसुद्धा चढवला नाही. लखनौत वाढलेली मुलगी, आईशी अदबीनेच बोलते.

"तो फिर शादी में मत आइएगा, मम्मी."

लग्न तिकडेच झालं. आम्ही गेलो नाही.